सिलेंडरमध्ये किती उरलंय?

रात्री झोपताना काटा आठशेतीसवर होता. सकाळी उठून पाहिलं तर शून्यावर. पाच पौंड कार्बन डायऑक्साइड एका रात्रीत निघून गेला होता आणि झोपायच्या आधी मी समाधानाने ज्या काट्याकडे पाहिलं होतं, त्याने मला काहीही सांगितलं नव्हतं.

थोडं मागे जातो. मी अमेरिकेत, ओरेगनमधल्या बीव्हर्टनला राहतो, सॉफ्टवेअर लिहितो आणि घरी बिअर बनवतो. इथे हे कायदेशीर आहे. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरापुरती बिअर बनवणाऱ्यांवरचा केंद्राचा कर गेला. एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलनची मुभा. महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा आहे, तिथे परवान्याशिवाय हा उद्योग केला तर पोलीस घरी येतील. आमच्या घरी पोलिसांची गरजच नाही. बाबा माळकरी आहेत. अकोल्याच्या आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असतो, बिअर तर लांबच.

सुरुवातीला मी बाटल्या भरायचो. पन्नास बाटल्या धुवा, वाळवा, भरा, झाकणं ठोका. कंटाळून केग घेतला. केग म्हणजे एकोणीस लिटरचा स्टीलचा उभा डबा. त्यात बिअर ओतायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब द्यायचा. गॅस बिअरमध्ये मुरतो, फेस येतो आणि तोच दाब बिअरला नळापर्यंत ढकलतो. प्रश्न एवढाच, की खोलीच्या तापमानाला सिलेंडरमध्ये दाब असतो आठशेतीसच्या आसपास पीएसआय आणि केगला हवा असतो दहा ते बारा. गाडीच्या टायरात बत्तीस-तेहतीस असतो, त्यावरून अंदाज घ्या. या दोघांच्या मध्ये जे उभं राहतं ते रेग्युलेटर.

आतली रचना साधी आणि हुशार आहे. एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूने स्प्रिंग दाबते, दुसऱ्या बाजूने बाहेर जाणारा गॅस. स्क्रू आवळून आपण स्प्रिंगचा जोर ठरवतो. बाहेरचा दाब कमी झाला की स्प्रिंग जिंकते, झडप उघडते. दाब पुरेसा झाला की गॅस पडद्याला मागे रेटतो, झडप बंद. म्हणजे रेग्युलेटरचं लक्ष आत किती कोंडलंय याकडे नसतंच. समोरच्याला किती सोसेल, एवढंच तो बघतो.

घ्यायला गेलो तेव्हा दुकानात दोन प्रकार होते. एका काट्याचा आणि दोन काट्यांचा. एक काटा केगकडे जाणारा दाब दाखवतो, तो हवाच. दुसरा सिलेंडरच्या आतला दाब दाखवतो. दुकानातला म्हातारा म्हणाला, पैसे वाचव, तो दुसरा काटा शोभेचा आहे. मी ऐकलं नाही. दिवसभर डॅशबोर्डसमोर बसणाऱ्या माणसाला एक काटा कमी घे म्हणणं म्हणजे काय? मी दोन काट्यांचा घेतला.

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. सिलेंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, वर थोडा वायू. वायू वापरला गेला की द्रवातून तेवढाच उडतो आणि दाब पुन्हा जिथल्या तिथे. हा दाब तापमानावर ठरतो, किती माल शिल्लक आहे यावर नाही. भरलेला सिलेंडर आठशेतीस दाखवतो आणि अर्धा रिकामा झालेलाही आठशेतीसच दाखवतो. शेवटचा थेंब उडाला की मग काटा उतरायला लागतो, आणि उतरतो तो भराभर. उलट, भरलेला सिलेंडर फ्रिजमध्ये ठेवला तर काटा साडेपाचशेवर येतो आणि नवखा माणूस गळती शोधत बसतो. (एकतीस अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही. अकोल्याच्या मे महिन्यात हे सगळं गणित बदलेल. पण अकोल्याच्या मे महिन्यात बरीच गणितं बदलतात.)

आमच्या धंद्यातही असं होतं. सर्व्हर जिवंत आहे का, असं दर तीस सेकंदांनी विचारणारा प्रोग्रॅम असतो. सर्व्हर 200 म्हणतो, म्हणजे सगळं ठीक. मागे डेटाबेस कोसळलेला असतो, ग्राहक शिव्या घालत असतात, पण स्क्रीन हिरवी. तो खोटं बोलत नसतो. आपण विचारलं होतं जिवंत आहेस का. तो जिवंत असतो.

त्या सकाळी चिडचिड ओसरल्यावर मी एक हिशेब केला, जो आदल्या रात्री करायला हवा होता. पाच पौंड गॅस मोकळा झाला तर साधारण सव्वा घनमीटर होतो. आमची ती खोली दहा बाय बाराची, छत आठ फुटांवर. सगळा गॅस एकदम सुटला आणि दार-खिडकी बंद असली तर हवेत साडेचार टक्के. इथली सरकारी संस्था चार टक्क्यांना जिवाला तत्काळ धोका मानते. दार उघडं होतं आणि गॅस हळूहळू गेला, म्हणून काही झालं नाही. आदल्याच आठवड्यात रूममेटची बहीण त्या खोलीत झोपली होती.

दुसरा सिलेंडर आणला त्या रविवारी घरी व्हिडिओ कॉल चालू होता. मी फोन टेबलाला टेकवून ठेवला होता आणि मागे काय दिसतंय याचं भान नव्हतं. बाबा निवृत्त आयटीआय निदेशक. तीस वर्षं पोरांना फिटर ट्रेड शिकवला. त्यांच्या नजरेतून सिलेंडर सुटणं शक्यच नव्हतं.

"ते मागे काय आहे रे?"

"सोड्याचं आहे बाबा. घरीच सोडा बनवतो."

तोंडातून निघून गेलं. आधी ठरवलं नव्हतं. आणि पुढची वीस मिनिटं, गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं एवढं मनसोक्त बोलणं आमच्यात झालं.

"आट्यांवर टेप गुंडाळली का?"

"हो."

"काढ आधी. हा जोड आट्यांवर सील होत नाही, तोंडावर होतो. वायसर कुठे आहे?"

वायसर रेग्युलेटरच्या डब्यात, एका छोट्या पिशवीत तसाच पडून होता. पहिल्या वेळी मी तो बसवलाच नव्हता. पांढरी टेप मात्र सात वेढे. बाबा हसले नाहीत. फोन नीट धरायला लावला, नट आधी हाताने फिरवून घ्यायला लावला, मग पाना. "लय आवळू नको, वायसर चिरडतो." मग म्हणाले, दाबाचा स्क्रू पूर्ण सैल कर, मग सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघड, एकदम नाही, दमादमाने. "आणि काट्याच्या समोर उभा राहू नको. बाजूला हो. काच फुटली तर समोरच्याच्या तोंडावर येते." हे गॅस वेल्डिंगच्या शेडमधलं ज्ञान होतं. शेवटी साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. बाबा म्हणाले, "झालं." चेहऱ्यावर असं समाधान, जे मला कँपसमधून नोकरी लागली तेव्हाही नव्हतं. आणि तेवढ्या सगळ्या वेळात मी त्यांच्याशी खोटं बोलत होतो.

इथपर्यंतची गोष्ट मी मित्रांना विनोद म्हणून सांगायचो. पुढची नाही सांगत.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. एच-वन-बीवर असणाऱ्याला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी अर्ज करायला तयार झाली तर ठीक, नाहीतर सामान बांधा. मी घरी सांगितलं नाही. दर रविवारी इथल्या सकाळी, तिथल्या रात्री फोन लावायचो, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "काम कसं चाललंय?" "मस्त." माझ्या आत आठशेतीस होते आणि मी बारा सोडत होतो. आणि खरं सांगतो, तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. ती माझी जबाबदारी वाटली. अकोल्यात बसलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी त्या आकड्याचं काय करायचं होतं?

रेग्युलेटरला एक रोग असतो. झडपेच्या बैठकीत कचरा अडकला किंवा ती झिजली की झडप पूर्ण बंद होत नाही आणि बाहेरचा दाब कोणाच्या नकळत चढत जातो. संध्याकाळी बारावर ठेवलेला सकाळी तिसावर असतो. चाळीसाव्या दिवसाच्या आसपास बाबांनी कसल्याशा विम्याच्या फॉर्मवर माझी सही कशी करायची एवढंच विचारलं आणि मी ओरडलो. फॉर्मबद्दलच ओरडलो. बाबा गप्प राहिले, मग म्हणाले, असू दे, सावकाश बघू. पुढच्या रविवारी त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. बावन्नाव्या दिवशी मला नोकरी मिळाली.

डिसेंबरमध्ये घरी गेलो. बाबा स्टेशनवर आले होते. घरी आल्यावर त्यांनी शर्ट बदलला तेव्हा मला पट्टा दिसला. त्याला मूळच्या भोकांच्या पुढे एक नवं भोक होतं, खिळ्याने पाडलेलं, किंचित तिरकं. फिटर माणसाने तिरकं भोक पाडावं! मी विचारलं. आईने बाबांकडे पाहिलं. मार्चमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, दोन स्टेंट. तो विम्याचा फॉर्म त्याचाच होता. नऊ किलो वजन उतरलं होतं. व्हिडिओ कॉलवर छातीच्या खालचं काही दिसत नाही, आणि चेहरा बारीक वाटला तेव्हा मी कॅमेऱ्याला दोष दिला होता.

"उगीच तुले कायले टेन्शन द्याचं," बाबा म्हणाले. तंतोतंत माझं वाक्य, वऱ्हाडीत.

मग मीही फेब्रुवारीचं सांगून टाकलं. आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, "एका माळेचे मणी" म्हणाली आणि आत निघून गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात आहे. मार्चच्या त्या रविवारी, दोन्हीकडे "मस्त" चालू असताना, कोणी कोणाला फसवलं?

खोटं बोलण्याबद्दल सगळ्यात कडक भूमिका कांटची. 1797मधल्या त्याच्या एका लेखातला मुद्दा प्रसिद्ध आहे: खुनी दाराशी येऊन तुमचा मित्र आत आहे का विचारत असेल, तरी खोटं बोलायचं नाही. मी हे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, परीक्षेचा अभ्यास टाळताना वाचलं आणि कांट वेडा आहे असं ठरवून टाकलं. पण याच कांटने त्याच्या तीस वर्षं आधी, 1766मध्ये, मेंडेलसोन या तत्त्वज्ञाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं, की मला पटलेल्या पुष्कळ गोष्टी बोलायचं धैर्य मला कधी होणार नाही; पण जे मला पटत नाही ते मी कधीच बोलणार नाही. म्हणजे सगळं सोडलंच पाहिजे असं कांटही म्हणत नाही. स्क्रू कितीवर ठेवायचा हे तुमच्या हातात. फक्त काटा खोटा लावायचा नाही.

या मापाने "सोड्याचं आहे" हे उघड खोटं. त्याला पळवाट नाही. "मस्त"चं काय? तेही खोटंच म्हणावं लागेल. पण मला असं वाटतं, की रविवारच्या फोनवरचं "मस्त" हे कुणाच्याच घरी माहिती म्हणून बोललं जात नाही. त्याचा अर्थ असतो: मी फोन उचललाय, बोलण्याइतका आहे. 200. मी ते माहिती म्हणून घेतलं, ही चूक माझी. बाबांनी स्वतःला माझ्या सोसण्याच्या बेतात ठेवलं आणि मी त्यांच्या केगकडच्या काट्यावरून आतला साठा ठरवला. वर समाधान मानलं, की बाबांचं काय, बाबा अगदी ठणठणीत.

नैतिकतेची बहुतेक चर्चा बोलणाऱ्याबद्दल असते. त्याने खरं सांगावं का, किती सांगावं, कधी सांगावं. ऐकणाऱ्यावर काही बंधन असतं का, हा प्रश्न मी कुठे फारसा वाचला नाही. मला वाटतं असतं, आणि ते जड असतं. शब्दशः जड. कारण सिलेंडरमध्ये किती उरलंय हे कळायचा भरवशाचा मार्ग एकच, वजन. त्याच्या खांद्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. जोड सोडवायचा, सिलेंडर उचलायचा, तोलायचा, वजाबाकी करायची. मी त्यासाठी बॅगा तोलायचा हुकाचा काटा वापरतो, जो प्रत्येक परदेशी भारतीयाच्या घरात असतोच.

हे सगळं आईला लहानपणापासून माहीत होतं. स्वयंपाकघरातला एलपीजीही द्रवच असतो आणि तिच्या रेग्युलेटरला एकही काटा नाही. सिलेंडर लावला की ती कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायची. महिना होत आला की सिलेंडर जरासा तिरका करून, हलवून बघायची. कधी ओलं फडकं फिरवायची. आत द्रव आहे तिथपर्यंतचा ओलावा उशिरा वाळतो. तिचा गॅस पाहुणे असताना संपला असं मला आठवत नाही. काटा असता तर बहुधा संपला असता.

यावर रास्त आक्षेप आहे. माणसं म्हणजे सिलेंडर नाहीत. कुणाला सतत उचलून तोलत बसणं हा अपमान आहे. आईने माझे मोबाइलचे मेसेज वाचले असते तर मी काय म्हटलं असतं? "मी ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणं हाही आदरच आहे. खरं आहे, आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण माझ्या बाबतीत तो आदर नव्हता, एवढं मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. ती सोय होती. "मस्त" ऐकलं की फोन ठेवून मला बिअर बनवायला जाता यायचं.

आणखी एक अडचण आहे, ती जास्त छळते. सिलेंडरचं रिकामं वजन कोरलेलं असतं, म्हणून वजाबाकी जमते. बाबांचं काय? नऊ किलो उतरले हे मला आईने सांगितल्यावर कळलं, कारण आधी किती होते हे मला माहीत नव्हतं. ते किती वाजता दमतात, जिना चढताना कुठे थांबायचे आणि आता कुठे थांबतात, ओरडल्यावर गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव आहे की मार्चमध्ये अंगात त्राण नव्हतं म्हणून ते गप्प बसले, हे मला ठाऊक नाही. अठराव्या वर्षी हॉस्टेलला गेलो, तिथून पुण्याला, तिथून इथे. मोजायला सुरुवातीचा आकडाच घेतला नाही.

आता मी रविवारी "कसे आहात" विचारत नाही. विचारतो, आज कुठपर्यंत चालून आलात. पट्टा कितव्या भोकावर. बाबांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं. नंतर तेच आधी सांगायला लागले: राममंदिरापर्यंत, एकदा बसलो, पट्टा खिळ्याच्याच भोकावर. मधे एकदा मूळच्या शेवटच्या भोकावर आले होते, तेव्हा त्यांनी कॅमेरा खाली धरून दाखवला.

गेल्या महिन्यात सिलेंडर तोलला तर थोडासाच गॅस उरला होता. काटा अजूनही साडेपाचशेवर. बदलून आणला, आणि जोडताना मुद्दाम व्हिडिओ कॉल लावला. टेप नाही, स्क्रू सैल, मी बाजूला. बाबा बघत होते. मागे वीस लिटरचं पातेलं होतं, हिरव्या गोळ्यांचं, म्हणजे हॉप्सचं पाकीट होतं, मी काहीच हलवलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "हे सोड्याचं नाही."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"सोड्याले एवढं मोठं पातेलं उकळाले लागत नाही, हे मले पयल्याच दिवशी समजलं होतं," बाबा म्हणाले. "वायसर बदलला का?"